स्नो ब्लोअर अर्ध्या चोकवरच चालतो: कार्बोरेटर बदलू की आधी पेट्रोल बघू?

उत्तरायण:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे आलेला स्नो ब्लोअर (बर्फ उडवून बाजूला फेकणारं यंत्र) वापरलेला आहे, पण पट्टे, ऑगर (बर्फ ओढणारा मळसूत्री पाता), शिअर पिना (जास्त भार आला की आधी तुटणाऱ्या पिना) सगळं धड आहे. त्रास फक्त इंजिनाचा. फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, २०० सीसीच्या आसपासचं इंजिन आहे. पूर्ण चोक लावला की दोन-तीन वेळा दोरी ओढल्यावर सुरू होतं. चोक काढला की लगेच मान टाकतं. अर्ध्या चोकवर चालत राहतं, पण आवाज सारखा वर-खाली, वर-खाली होत राहतो. गंमत म्हणजे बर्फात घातलं की तो आवाज बराचसा स्थिर होतो आणि यंत्र चांगलं काम करतं. बर्फाबाहेर काढलं की पुन्हा तेच.

स्पार्क प्लग नवा घातला, फरक नाही. टाकीतलं पेट्रोल आधीच्या मालकाचं आहे, किती जुनं ते कळायला मार्ग नाही. ओळखीचे लोक म्हणतात सरळ नवा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मागव. तसं करू की आधी काही तपासू? जाणकारांनी मार्ग दाखवावा.

जुना_पाना:
लक्षणं इतकी नीट लिहिलीत की अर्धं निदान त्यातच झालं. कार्बोरेटर लगेच मागवू नका.

चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. ती अर्धी लावल्यावर इंजिन सुधारतं याचा अर्थ हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मेकॅनिक लोक म्हणतात तसं, मिश्रण 'लीन' आहे. आता पेट्रोल कमी का पडतं? एकतर ते कार्बोरेटरपर्यंत पुरेसं पोचत नाही, नाहीतर पोचतं पण आतल्या बारीक छिद्रात कचरा आहे, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गास्केटमधून इंजिन फुकटची हवा घेतंय. या तिन्हींपैकी कुठली गोष्ट आहे ते ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

आवाज वर-खाली होणं हे गव्हर्नरचं, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप राखणाऱ्या यंत्रणेचं काम आहे, बिघाड त्याचा नाही. फेरे कमी झाले की गव्हर्नर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या मिश्रणाची झडप) उघडतो, मिश्रण थोडं मिळतं, फेरे वाढतात, मग तो थ्रॉटल मिटतो, इंजिन पुन्हा उपाशी पडतं. हे चक्र चालू राहतं. त्यामुळे गव्हर्नरची स्प्रिंग ताणून किंवा वाकवून हा दोष घालवायचा प्रयत्न अजिबात करू नका. फेरे मर्यादेबाहेर गेले तर कनेक्टिंग रॉड तुटण्यापर्यंत प्रकरण जातं.

आता तुमची सगळ्यात मोलाची खूण: बर्फात घातलं की सुधारतं. बरेच जण समजतात की वेगाचा दांडा सशाच्या चित्रावर (जास्त वेगावर) आहे म्हणजे इंजिन मुख्य जेटवर (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) चालतंय. तसं नसतं. दांडा फक्त गव्हर्नरला किती वेग हवा ते सांगतो. भार नसेल तेव्हा साधारण ३६०० फेऱ्यांनाही थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन मुख्यतः पायलट जेटच्या बारीक वाटेवर चालतं. बर्फाचा भार आला की गव्हर्नर झडप उघडतो आणि मुख्य जेट काम हाती घेतं. म्हणजे भाराशिवाय वर-खाली आणि भारावर ठीक, याचा पहिला संशयित पायलट जेट. याच्या उलट, नुसतं छान चालतं आणि बर्फात घातल्यावर दम तोडतं असं असतं, तर मी मुख्य जेट किंवा टाकीकडून येणारा पुरवठा धरला असता.

तरीही सुरुवात टाकीपासूनच करा. जेट साफ करून वर तेच घाण पेट्रोल ओतलं तर मेहनत वाया.

ठिणगी:
+१. पुरवठा तपासायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार हवं, मोकळ्या हवेत, आसपास कसलीही ज्योत किंवा हीटर नको, स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरवरची नळी सोडवा, तिचं तोंड काचेच्या बरणीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड यायला हवी आणि ती तशीच टिकायला हवी. इथेच लोक घाई करतात. पहिली धार बघून समाधान मानतात. टाकीचं झाकण घट्ट लावून निदान एक-दोन मिनिटं वाहू द्या. धार हळूहळू बारीक झाली तर झाकण सैल करून बघा. लगेच जोर आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. झाकण सैल करूनही बारीकच राहिली तर टाकीच्या तळाची जाळी, फिल्टर किंवा आतून फुगलेली रबरी नळी.

बरणीतलं पेट्रोल फेकू नका, झाकून थंडीत तसंच स्थिर ठेवा. दुसऱ्या दिवशी ते बरंच काही सांगेल.

नवशिका_२:
माफ करा, मध्येच विचारतो. पेट्रोल खराब होतं म्हणजे नक्की काय होतं? बंद टाकीत तर आहे.

गारठा:
चांगला प्रश्न, आणि याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत जी नेहमी एकत्र कालवली जातात.

पहिलं, पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात. टाकी पूर्ण हवाबंद नसतेच, झाकणाला भोक असतं. हलके घटक गेले की थंडीत पेटायला लागणारी वाफच तयार होत नाही. शिवाय रिफायनऱ्या हिवाळ्यासाठी वेगळं, जास्त बाष्पशील पेट्रोल बनवतात, त्यात ब्यूटेनचं प्रमाण जास्त असतं. उन्हाळ्यात भरून ठेवलेलं पेट्रोल स्वच्छ असलं तरी कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करायला नाखूष असतं.

दुसरं, हवेतल्या ऑक्सिजनने पेट्रोलचा चिकट डिंकासारखा थर बनतो. कार्बोरेटरखालच्या फ्लोटच्या वाटीत (फ्लोट म्हणजे तिथली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पेट्रोल थोडं आणि हवा भरपूर, त्यामुळे हा थर तिथे आधी बसतो. पायलट जेटचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही बारीक असतं. ते बुजायला काय लागतं!

तिसरं पाणी. ई-१० पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला जवळ करतं. १५ अंश सेल्सियसच्या आसपास असं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. तापमान उतरलं की ही क्षमता घटते. मग पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते. शरदात ठीक वाटणारं पेट्रोल जानेवारीत अचानक का बिघडतं, त्याचं एक कारण हे.

इंजिन बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत स्टॅबिलायझर न घातलेल्या पेट्रोलला साधारण ३० दिवसांची मर्यादा दिलेली असते. आणि एक नक्की लक्षात ठेवा, स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलचं आयुष्य वाढवतो. शिळं पेट्रोल तो ताजं करत नाही, आणि वेगळं झालेलं पाणी परत मिसळत नाही.

उत्तरायण:
सगळ्यांचे मनापासून आभार. नळी सोडवून तपासलं. आधी जाड धार आली, मग बारीक होत होत थेंबांवर आली. झाकण सैल केल्याबरोबर पुन्हा जोरात! झाकणाच्या आतल्या भोकात काळपट चिकटा होता, तो साफ केला. आता झाकण लावूनही धार टिकते.

बरणीतल्या पेट्रोलचा रंग गडद आहे, वास वार्निशसारखा, आणि सकाळी तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसला. सगळी टाकी रिकामी करून धुतली, तळाची जाळी साफ केली, फिल्टर नवा, पेट्रोल ताजं. इंजिन आता लवकर सुरू होतं, पण अर्ध्या चोकशिवाय अजूनही चालत नाही. तेव्हा पायलट जेटच म्हणायचं ना?

फिरकी:
माझं मत जरा वेगळं. इतक्या बारीक छिद्रांशी झटत बसण्यापेक्षा नवा कार्बोरेटर बसवून मोकळं व्हावं. चार नट, दोन दुवे, झालं. वेळेलाही काही किंमत आहे, आणि बर्फ कोणासाठी थांबत नाही.

जुना_पाना:
फिरकी, वाटीत पांढरी भुकटी असेल, धातू खाल्ला गेला असेल, नीडल (फ्लोटला जोडलेली, पेट्रोल अडवणारी सुई) बसते ती बैठक खराब असेल, तर मीही बदलाच म्हणेन. पण दुसऱ्या कंपनीचे पर्यायी कार्बोरेटर दिसायला सारखे असले तरी जेटचं माप, चोकच्या दांड्याची बाजू, प्रायमरच्या (सुरू करण्याआधी पेट्रोल आत ढकलणाऱ्या बटणाच्या) नळीची जागा यात फरक असतो. मग लोक नव्या कार्बोरेटरवर पुन्हा तेच वर-खाली ऐकतात आणि गोंधळतात. जुना मूळ कार्बोरेटर शाबूत असेल तर तो साफ करणं केव्हाही श्रेयस्कर.

उत्तरायण, हो, आता उघडा. घाई न करता. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, प्लगची टोपी काढलेली.

काहीही सोडवायच्या आधी गव्हर्नरचे दुवे आणि स्प्रिंगा कुठल्या भोकात आहेत त्याचे फोटो वेगवेगळ्या बाजूंनी काढा. एकाच पट्टीला शेजारी शेजारी तीन-चार भोकं असतात आणि चुकीच्या भोकात स्प्रिंग गेली तर वेगच बदलतो. गास्केट कुठल्या क्रमाने आणि कुठल्या बाजूने निघाले तेही फोटोत येऊ द्या. काही गास्केटना हवेसाठी जास्तीचं भोक असतं. ते उलटं लागलं की वाट बंद.

वाटीचा खालचा बोल्ट काढला की वाटी हातात येते. फ्लोटची पिन सरकवा, फ्लोट आणि नीडल एकत्र बाहेर येतील. नीडलच्या रबरी टोकावर गोल खाच उमटली असेल तर ती बदला. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो निकामी. मधल्या खांबात मुख्य जेट असतं. पितळ मऊ असतं, त्यामुळे खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या. जेट निघालं की त्यामागून इमल्शन नळी (पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी) खाली सरकते. तिच्या बाजूच्या ओळीतल्या छिद्रांकडे लोक बघतच नाहीत. ती सगळी मोकळी हवीत.

होंडाच्या जीएक्स मालिकेत आणि तशा धर्तीच्या बऱ्याच इंजिनांत पायलट जेट वरच्या बाजूला, आयडलच्या (भाराविना मंद चालण्याच्या) स्क्रूखाली दडलेलं काळं प्लास्टिकचं असतं. आयडलचा स्क्रू आधी मोजून काढा, मग ते जेट हळूच वर उचला. ओ-रिंग तुटू देऊ नका. इंजिन टेकमसेचं असेल तर गोष्ट वेगळी. त्या कंपनीने २००८च्या शेवटी इंजिनांचं उत्पादन थांबवलं, पण तिची स्नो किंग इंजिनं अजून खूप चालू आहेत. त्यातल्या अनेकांत वाटीचा बोल्ट हाच जेट असतो, आणि आट्यांजवळ एक अतिबारीक आडवं भोक असतं जे आयडलच्या वाटेला पेट्रोल देतं. बोल्ट वरवर पुसून परत लावला की दोष जसाच्या तसा.

जेट उजेडाकडे धरून बघा. भोक गोल आणि काठ स्वच्छ दिसायला हवा. नुसता उजेड दिसला म्हणजे साफ झालं असं नाही. कडेने चिकटा राहिला तरी माप कमी होतं. ड्रिल किंवा पोलादी तार घालू नका, पितळ खरवडलं की जेट कायमचं बिघडलं. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक सुटा बारीक धागा चालतो. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पायलट जेटच्या घरात मारा आणि थ्रॉटलच्या झडपेजवळच्या छोट्या छिद्रांकडे लक्ष ठेवा. प्रत्येकातून फवारा बाहेर आला पाहिजे. एक जरी कोरडं राहिलं तरी काम संपलेलं नाही. शेवटी दाबाची हवा. रबर आणि प्लास्टिकचे भाग मात्र क्लीनरमध्ये भिजत घालू नका, ते फुगतात.

बसवताना नवे गास्केट वापरा. इंजिन चालू झाल्यावर सांध्यांतून हवा घेतोय का, हे बघायला काही जण ज्वालाग्राही फवारा मारतात. गरम सायलेन्सर हातभर अंतरावर असताना ते करू नका.

उत्तरायण:
उघडला! वाटीत तपकिरी थर होता पण धातू शाबूत. मुख्य जेट ठीक, पायलट जेट ठार बंद. थ्रॉटलजवळच्या तीन छिद्रांपैकी एकातून फवारा येत नव्हता, बराच वेळ क्लीनर मुरू दिल्यावर आणि हवा मारल्यावर ते मोकळं झालं. नव्या गास्केटसह बसवला. चोक पूर्ण काढून इंजिन एका लयीत चालतंय. ऐकून फार बरं वाटलं. जुना_पाना, ठिणगी, गारठा, तुमच्यामुळे झालं.

पण एक नवीनच प्रकार. ओल्या जड बर्फात काही अडचण नाही. भुरभुरीत बर्फ आणि समोरून वारा असला की थोड्या वेळाने इंजिन गुदमरतं. एकदा तर वेगाचा दांडा खाली ओढला तरी वेग उतरेना, मी लगेच चावी काढली. काही वेळ थांबलं की पुन्हा छान सुरू होतं. झाकण सैल करून फरक पडत नाही, पेट्रोल ताजं आहे.

ठिणगी:
चावी काढलीत ते उत्तम केलंत. थांबल्यावर पुन्हा सुरू होतं म्हणून इग्निशन कॉइलचाही विचार करावा लागतो. ती तापली की ठिणगी जाते. पण मग ओल्या बर्फातही झालं असतं. बंद पडल्या पडल्या ठिणगी तपासली की तो संशय मिटेल. आणि वेग न उतरणं हे कॉइलचं लक्षण नाहीच.

गारठा:
हे गोठणं आहे. कार्बोरेटरवर पत्र्याचं आवरण आहे का ते आधी बघा.

स्नो ब्लोअरच्या बहुतेक इंजिनांना एअर फिल्टर नसतो, कारण तो बर्फाच्या भुकटीने बुजून जाईल. त्याऐवजी कार्बोरेटरभोवती पत्र्याची पेटी असते. ती सायलेन्सर आणि सिलिंडरकडची ऊब धरून ठेवते, आणि इंजिन त्या उबदार, बर्फ नसलेल्या जागेतून हवा घेतं. ही पेटी नसली की दोन गोष्टी होतात. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, कार्बोरेटरची नळी आणखी गार पडते आणि हवेतली ओल थ्रॉटलवर बर्फ होऊन बसते. हे शून्याच्या आसपासच्या दमट हवेत जास्त होतं. उणे वीसच्या कोरड्या हवेत उलट कमी. दुसरं म्हणजे उडणारी भुकटी कोमट भागांवर वितळते आणि गव्हर्नरच्या दुव्यांवर पुन्हा गोठते. दुवा उघड्या स्थितीत अडकला तर इंजिनाचा वेग कोणी आवरू शकत नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं असणार. हा धोक्याचा प्रकार आहे, पेटी बसेपर्यंत भुरभुरीत बर्फात यंत्र चालवू नका.

थांबल्यावर सुरू होतं कारण इंजिनाची ऊब पसरून आतला बर्फ वितळतो.

उत्तरायण:
गारठा, अगदी बरोबर. सायलेन्सरच्या बाजूला दोन रिकामी, गंजलेली बोल्टची भोकं आहेत. म्हणजे पेटी कधीतरी निघाली आणि परत लागलीच नाही. इंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरून मूळ भाग मिळतोय, मागवतो. तोवर ब्लोअर बंद.

फिरकी:
बरं झालं हे वाचलं. मी तर एअर फिल्टर नाही म्हणून एक स्पंजचा बसवायच्या विचारात होतो.

जुना_पाना:
बसवू नका. हवा अडली की मिश्रण उलट बाजूला, रिच होतं, प्लग काळे पडतात, आणि स्पंज ओला होऊन गोठला की इंजिन बंद.

उत्तरायण:
पेटी बसली. काल वाऱ्यातल्या भुरभुरीत बर्फात भरपूर वेळ चालवलं, एकदाही गुदमरलं नाही, दांड्याचं ऐकतं. आता हंगाम संपल्यावर काय करू? टाकी भरून स्टॅबिलायझर घालू की सगळं कोरडं करू?

ठिणगी:
माझा कौल कोरडं करण्याला. टाकी रिकामी, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, शेवटी वाटीचा निचरा स्क्रू उघडून उरलेलं काढायचं. हे शेवटचं टाळू नका. इंजिन बंद पडलं तरी वाटीच्या तळाशी थोडं उरतंच, आणि जेट बुजवायला तेवढं पुरतं.

गारठा:
मी भरलेल्या टाकीवाला. पत्र्याची टाकी रिकामी ठेवली की आतून गंजते, आणि ती गंजाची भुकटी पुढच्या हिवाळ्यात जेटमध्ये येते. ताज्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचतं. मग कॉक बंद करून वाटी मात्र रिकामी करायची. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर साठवणीसाठी तेच. ई-१०च्या वरचं मिश्रण या इंजिनांत घालूच नका, बहुतेक पुस्तिकांत ते स्पष्ट मना आहे.

जुना_पाना:
दोघांचंही पटतं. टाकी प्लास्टिकची असेल तर कोरडी, पत्र्याची असेल तर भरलेली. वाटी दोन्हीकडे रिकामी, यावर तर वादच नाही.

उत्तरायण:
माझी प्लास्टिकची आहे. कोरडी करतो.

नवशिका_२:
शेवटची एक शंका. हा धागा वाचून मीही माझं यंत्र तपासलं. इंजिन ऑइलची पातळी खुणेच्या बरीच वर आहे आणि कांडीला पेट्रोलचा वास येतो. मी तर वरून ऑइल घातलेलंच नाही. चालवू का?

जुना_पाना:
अजिबात चालवू नका, दोरीही ओढू नका. नीडल गळतेय, म्हणून पेट्रोल कार्बोरेटरमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि रॉड वाचवू शकत नाही. पेट्रोलचा कॉक आत्ताच बंद करा. कॉक नसेल तर नळीला चिमटा लावा. ऑइल पूर्ण काढून नवं भरा. थंडीसाठी बहुतेक पुस्तिकांत ५डब्ल्यू-३० सांगितलेलं असतं, तुमच्या इंजिनाची पुस्तिका एकदा बघा. मग वाटी उघडून नीडल आणि तिची बैठक तपासा. तिथे कचरा असेल तर साफ करून भागेल, टोकावर खाच असेल तर नीडल नवी. प्लग काढून दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, म्हणजे सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल बाहेर येईल. त्या वेळी प्लगची टोपी भोकापासून लांब हवी आणि तोंड समोर नको. नवी नीडल बसवल्यावर कॉक उघडून रात्रभर ठेवा आणि सकाळी कांडीवरची पातळी पुन्हा बघा. वाढली नसेल तरच सुरू करा.